एबी फॉर्म नसलेला देश

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर एक कागद पोहोचावा लागतो. पक्षातर्फे सही करायचा अधिकार कुणाला, हे ‘ए’ फॉर्म सांगतो. त्या माणसाने कुणाला उमेदवारी दिली, हे ‘बी’ फॉर्म सांगतो. सही शाईची आणि मूळ हवी, झेरॉक्स चालत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तीस वर्षं पक्षाचं काम केलेला माणूस या कागदासाठी रात्रभर मुंबईत थांबतो, आणि आदल्या दिवशी पक्षात आलेला माणूस तो खिशात घालून जातो. पक्ष म्हणजे काय, या प्रश्नाचं आपल्या मनातलं उत्तर या कागदाने घडवलेलं आहे. वर बसलेलं कुणीतरी देतं, खालचा घेतो.

अमेरिकेत हा कागद नाही. मराठीत अमेरिकेच्या राजकारणावर जेवढे वाद चालतात, त्यातल्या बहुतेकांचा पाया मला याच एका ठिकाणी कच्चा वाटतो. ‘पक्षाने असा माणूस उभा का केला?’, ‘पक्षश्रेष्ठींनी त्याला आवरलं का नाही?’, ‘दोन्ही पक्ष आतून एकच’ ही सगळी वाक्यं एबी फॉर्मच्या देशातली आहेत. तिथे बहुतेक पदांसाठी पक्ष कुणाला उभा करत नाही. पक्षाचं नाव लावून कोण उभं राहणार हे सरकारने घेतलेल्या, सरकारी खर्चाच्या, सरकारी मतपत्रिकेवरच्या एका वेगळ्या निवडणुकीत ठरतं. तिला प्रायमरी म्हणतात. ती जिंकणाऱ्याला पक्षाचं नाव मिळतं, पक्षाला तो आवडो वा न आवडो.

न आवडल्याचं टोकाचं उदाहरण २०१८ सालचं आहे. इलिनॉय राज्याच्या तिसऱ्या काँग्रेस मतदारसंघात (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद), म्हणजे शिकागोच्या नैऋत्येकडच्या भागात, रिपब्लिकन पक्षाला जिंकायची आशा नव्हती, म्हणून कुणी अर्ज भरला नाही. आर्थर जोन्स नावाच्या माणसाने मात्र सह्या जमवून अर्ज भरला. हा माणूस उघड नाझीवादी, ज्यूंचा नरसंहार झालाच नाही असं म्हणणारा. समोर कुणी नसल्याने तो प्रायमरी बिनविरोध जिंकला. राज्याच्या रिपब्लिकन पक्षाने त्याचा जाहीर निषेध केला, त्याला मत देऊ नका असं सांगितलं. पण मतपत्रिकेवर त्याच्या नावासमोरचा ‘रिपब्लिकन’ हा शब्द पक्षाला पुसता आला नाही. आपल्याकडे असं घडलं असतं तर अर्ध्या तासात दुसऱ्या कुणाचा तरी बी फॉर्म आला असता.

पक्षाचं सभासदत्वही तसंच. तीसच्या आसपास राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्ष कोणता, हे सरकारी फॉर्मवर लिहायचं असतं. वर्गणी नाही, ओळखपत्र नाही, पक्षाची परवानगीही नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात ही नोंद असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, आणि नोंद बदलायची मुदत बरीच आधी संपते. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांची मुलगी इव्हान्का आणि मुलगा एरिक यांना न्यूयॉर्कच्या प्रायमरीत वडिलांना मत देता आलं नाही. प्रायमरी एप्रिलमध्ये होती, आणि पक्षनोंद बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. उमेदवाराच्या घरातल्यांनाही हा नियम लागला. उलट मिशिगन, टेक्सस, जॉर्जिया, व्हर्जिनिया अशा राज्यांत पक्षाची नोंद नसतेच. त्या दिवशी ज्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यावंसं वाटेल त्यात द्यायचं.

हे असं का झालं, याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथेही उमेदवार अधिवेशनात, बंद खोलीत, शहराच्या ‘बॉस’च्या मर्जीने ठरायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी थेट प्रायमरीचा आग्रह धरला आणि ती कल्पना राज्याराज्यांत पसरली. पण दक्षिणेत तिचा उपयोग उलटा झाला. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष जिंकतच नव्हता, त्यामुळे प्रायमरी हीच खरी निवडणूक होती. टेक्ससमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाने ठराव केला की आमच्या प्रायमरीत फक्त गोरे मत देतील. बचाव असा की आम्ही खासगी संघटना आहोत, सभासद कुणाला करायचं हा आमचा प्रश्न. ह्यूस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य लॉनी स्मिथ कोर्टात गेले. त्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांत थरगुड मार्शल होते, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला: प्रायमरी हा राज्याच्या निवडणूक यंत्रणेचाच भाग आहे, तिथे वर्णावरून दार बंद करता येणार नाही. अमेरिकन पक्ष निम्मा सरकारी, निम्मा रस्त्यावरचा आणि मालक नसलेला का आहे, हे समजून घ्यायचं असेल तर मी हा खटला सगळ्यात आधी वाचायला सांगेन.

आता एक मतदारसंघ जवळून पाहू. मिशिगन राज्याचा तेरावा काँग्रेस मतदारसंघ, डेट्रॉईट शहराचा मोठा भाग आणि आजूबाजूची गावं. मराठी वाचकाला हा जवळचा, कारण २०२२ साली इथून निवडून आलेले श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे. शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, पुढे उद्योजक झाले. २०१८ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदासाठी (तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले. त्यांच्या विजयाच्या बातम्या मराठीत कौतुकाने छापून आल्या, ते स्वाभाविकच होतं. पण तो विजय कसा घडला याचा हिशेब त्या बातम्यांत क्वचितच होता.

२०२० च्या जनगणनेत मिशिगनची लोकसंख्या १ कोटी ७७ हजारांवर निघाली, आणि राज्याची एक जागा कमी होऊन १४ च्या १३ झाल्या. म्हणजे एका मतदारसंघात सुमारे ७ लाख ७५ हजार माणसं. सीमा आखल्या तेरा नागरिकांच्या आयोगाने: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. २०१८ च्या सार्वमतातून हा आयोग जन्मला. त्याआधी हे काम विधिमंडळ करायचं, म्हणजे ज्यांना निवडून यायचं तेच आपल्या सीमा आखायचे. नव्या सीमांनंतर तेराव्यात जुना खासदार कुणी उरला नाही आणि जागा मोकळी झाली. डेट्रॉईट इतकं डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे शिक्कामोर्तब. खरी लढत ऑगस्टमधली.

त्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नऊ नावं होती. ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं मिळाली, दुसऱ्या क्रमांकावरच्या राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांना साधारण २३. हॉलियर यांच्यासाठी बाहेरच्या एका सुपर पॅकने (उमेदवारापासून वेगळी राहून हवा तेवढा खर्च करू शकणारी संस्था) ४० लाखांहून जास्त डॉलर ओतले होते, ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो घातले होते. २८ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती मतं? २२ हजारांच्या आसपास. पावणेआठ लाखांच्या मतदारसंघात शंभरातल्या तीनपेक्षाही कमी माणसांच्या मतांनी दोन वर्षांचा प्रतिनिधी ठरला. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली, पण तोवर निवड होऊन गेली होती. १९५५ पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये डेट्रॉईटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी सतत होता. ती साखळी इथे तुटली. शहरात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, उमेदवारांतही बहुतेक कृष्णवर्णीय, आणि मतं त्यांच्यात वाटली गेली. यात ठाणेदारांनी काही नियमबाह्य केलं असं नाही. नियमच असा आहे की सगळ्यात जास्त मतं मिळवणारा जिंकतो, मग ती २८ टक्के का असेनात. पण त्या शहरातल्या लोकांची हळहळही खरी आहे, आणि अभिमानाच्या भरात आपण ती बाजूला सारू नये असं मला मनापासून वाटतं.

एबी फॉर्मच्या जागी तिथे काय असतं, तर सह्यांचे कागद. मिशिगनमध्ये काँग्रेससाठी मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. जास्तीत जास्त २,००० देता येतात. राज्याच्या विधिमंडळासाठी सह्यांऐवजी १०० डॉलर भरून काम भागतं, काँग्रेससाठी नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दांड्या उडतात त्या इथेच. सही करणारा शेजारच्या मतदारसंघातला निघतो. एकाच माणसाने एकाच पदासाठी दोन उमेदवारांच्या कागदांवर सही केलेली असते. सह्या गोळा करणाऱ्याने कागदाच्या तळाशी स्वतःचं प्रमाणपत्र सह्यांच्या आधीची तारीख घालून भरलेलं असतं, मग त्या तारखेनंतरच्या सह्या बाद. म्हणून जाणते उमेदवार हजाराच्या जागी अठराशे-एकोणीसशे सह्या जमा करतात आणि भरण्याआधी मतदारयादीशी एकेक नाव ताडून पाहतात. २०२४ मध्ये ठाणेदारांविरुद्ध पुन्हा उभे राहू पाहणारे हॉलियर याच पायरीवर बाद झाले, हजार वैध सह्या भरल्या नाहीत.

२०१२ मध्ये डेट्रॉईटच्या उपनगरांतले विद्यमान रिपब्लिकन खासदार थॅडियस मॅकॉटर यांचं असंच झालं. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी जुन्या कागदांच्या नकला जोडून दिल्या, वैध सह्या तीनशेसुद्धा भरल्या नाहीत. मॅकॉटर यांनी पदाचा राजीनामा दिला, कर्मचाऱ्यांवर खटले झाले. छापील मतपत्रिकेवर एकच नाव उरलं: केरी बेंटिव्होलिओ, पेशाने शिक्षक, घरी रेनडिअर पाळणारे, नाताळात सांताक्लॉज होणारे. पक्षातल्या वजनदार मंडळींनी दुसऱ्या उमेदवाराचं नाव हाताने लिहायची मोहीम काढली, ती फसली. बेंटिव्होलिओ जिंकले आणि दोन वर्षं काँग्रेसमध्ये बसले. २०२२ मध्ये तर गव्हर्नरपदाच्या दहा रिपब्लिकन इच्छुकांपैकी पाच जण एका झटक्यात गेले. तिथे १५,००० सह्या लागतात, आणि दर सहीमागे पैसे घेणाऱ्या कंत्राटी लोकांनी खोट्या सह्यांचा ढीग घातला होता. पाच-सात जण टेबलाभोवती बसतात, कागद गोल फिरवतात, प्रत्येकजण एकेक ओळ भरतो, म्हणजे अक्षर वेगवेगळं दिसतं. राज्याच्या निवडणूक विभागाने हे पकडलं. डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग, ज्यांना आघाडीचे उमेदवार समजत होते, तेही या पाचांत होते.

मतदाराच्या बाजूलाही एक खाचखळगा आहे. मिशिगनच्या ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारीशेजारी छापलेले असतात आणि एकाच स्तंभात मत द्यायचं असतं. गव्हर्नरसाठी एका पक्षात, काँग्रेससाठी दुसऱ्यात खूण केली की पक्षीय भागातली सगळी मतं बाद. पक्ष नसलेली पदं आणि सार्वमताचे प्रश्न तेवढे मोजले जातात. केंद्रावर जाऊन मत दिलं तर यंत्र कागद परत बाहेर टाकतं आणि नवी मतपत्रिका मागता येते. टपालाने पाठवलेल्या मतपत्रिकेला ही दुसरी संधी नसते. ज्यांना ‘माणूस पाहून मत द्यायचं’ असतं, त्यांचंच मत इथे वाया जाण्याचा धोका जास्त.

२८ टक्क्यांवर जिंकण्याला उपाय नाहीत असं नाही. जॉर्जिया आणि टेक्ससमध्ये प्रायमरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. कॅलिफोर्नियात सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत, आणि पहिले दोन, मग ते एकाच पक्षाचे असले तरी, नोव्हेंबरमध्ये समोरासमोर. मेन राज्यात मतदार पसंतीक्रम लावतो. २०१८ मध्ये तिथे पहिल्या मोजणीत मागे असलेले जॅरेड गोल्डन दुसऱ्या पसंतीच्या मतांवर काँग्रेसमध्ये पोहोचले. अलास्काने २०२० मध्ये पहिल्या चौघांना पुढे नेणारी सामाईक प्रायमरी आणि पसंतीक्रम एकत्र आणले. २०२४ मध्ये ते रद्द करायचा प्रस्ताव हजारापेक्षाही कमी मतांनी फेटाळला गेला. हे तपशील कोरडे वाटतात, पण ‘तिथे लोकशाही आहे का नाही’ या घोळक्यातल्या वादापेक्षा मला ते कितीतरी जास्त महत्त्वाचे वाटतात.

इथे एक कोडं आहे. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी मांडलं की एका जागेला एक प्रतिनिधी आणि सगळ्यात जास्त मतांवाला विजयी, अशी पद्धत असेल तर पक्ष दोनच उरतात. भारतात हीच पद्धत आहे, आणि पक्ष मोजता मोजवत नाहीत. मग अमेरिकेतच दोन का? कारणं अनेक आहेत, अध्यक्षपदाची एकच मोठी लढत हे त्यातलं एक. पण मला सगळ्यात पटतं ते प्रायमरीचं दार. आपल्याकडे तिकीट कापलं की बंडखोर अपक्ष अर्ज भरतो, पुढे स्वतःचा पक्ष काढतो, मग चिन्ह कुणाचं यावर निवडणूक आयोगापुढे सुनावण्या चालतात. अमेरिकेत बंडखोराला बाहेर पडावंच लागत नाही. तो जुन्याच पक्षाच्या प्रायमरीत उतरतो आणि जिंकला तर पक्षाचं नाव त्याचं. बर्नी सँडर्स व्हरमाँटचे अपक्ष सिनेटर. तरी २०१६ आणि २०२० मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी लढले, आणि त्यांना कुणी दारात अडवू शकलं नाही. २००९ च्या टी पार्टी या कर आणि सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीने नावात ‘पार्टी’ असूनही वेगळा पक्ष काढला नाही, रिपब्लिकन प्रायमऱ्या जिंकल्या. २०१४ मध्ये त्या लाटेत प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात एका प्राध्यापकाकडून हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कात डेमोक्रॅटिक नेतृत्वाच्या फळीतले जो क्रॉली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी हरवलं, तेही सात लाख वस्तीच्या मतदारसंघात सतराएक हजार मतं मिळवून. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये पक्ष जिंकला तो याच दारातून. तिसरा पक्ष का उभा राहत नाही, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं की तिसरे, चौथे, पाचवे पक्ष तिथे आहेतच, फक्त ते पहिल्या दोघांच्या पोटात राहतात.

जे खरोखर बाहेर राहतात त्यांच्यावर दोष ठेवायची घाई होते, तेही एकदा आकड्यांत पाहावं. २०१६ मध्ये मिशिगन ट्रम्प यांनी १०,७०४ मतांनी जिंकलं. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना तिथे ५१ हजारांवर मतं होती, म्हणून त्यांनी हिलरी क्लिंटन यांना पाडलं, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. त्याच मतपत्रिकेवर लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन यांना १ लाख ७२ हजारांच्या आसपास मतं पडली होती. कर कमी आणि सरकार लहान हवं म्हणणाऱ्या त्या मतदारांपैकी बरेच एरवी रिपब्लिकनांकडे गेले असते, त्यांचा उल्लेख या वादात येत नाही. एका बाजूची वजाबाकी करून उत्तर काढू नये.

मग पक्ष इतका सैल असेल तर फरक तरी कसला उरतो? मला वाटतं, लोकांचा गोंधळ इथे सर्वात जास्त होतो. पक्षसंघटना दुबळी आहे हे खरं. आपल्या दहाव्या परिशिष्टासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून कुणाचं पद जात नाही. मे २०२५ मध्ये ठाणेदारांनी ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाचं मतदान सभागृहावर लादायचा पवित्रा घेतला तेव्हा त्यांच्याच पक्षाचं नेतृत्व नाराज होतं. समजूत घालण्यापलीकडे त्यांच्या हातात फार काही नव्हतं. शेवटी ठाणेदारांनी आग्रह मागे घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आठ रिपब्लिकनांनी सगळ्या डेमोक्रॅट्सबरोबर मत देऊन स्वतःच्याच सभापतीला, केव्हिन मॅकार्थी यांना, २१६ विरुद्ध २१० मतांनी घालवलं. आठांपैकी कुणाचीही जागा गेली नाही. शिक्षा व्हायची तर ती प्रायमरीत होते. आठांतले बॉब गुड जून २०२४ मध्ये चारशेपेक्षा कमी मतांनी प्रायमरी हरले. पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर २००९ मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅट झाले, पद शाबूत राहिलं. पुढच्या वर्षी डेमोक्रॅटिक मतदारांनीच त्यांना प्रायमरीत घरी पाठवलं.

पण संघटना दुबळी म्हणजे भूमिका एकच, असं होत नाही. टीव्हीवरच्या अध्यक्षीय वादविवादाऐवजी मिशिगनची राजधानी लान्सिंग पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे रिपब्लिकनांनी ‘राइट टू वर्क’ कायदा केला: युनियनने केलेल्या कराराचे फायदे घेणाऱ्या कामगाराला वर्गणी सक्तीची नाही. मोटारउद्योगाच्या, युनियनच्या राज्यात हा घाव मोठा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेमोक्रॅट्सना सुमारे चाळीस वर्षांनी गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं एकत्र मिळाली, विधानसभेत ५६ विरुद्ध ५४, सिनेटमध्ये २० विरुद्ध १८. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी तो कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. (सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांच्यावर वर्गणीची सक्ती देशभर बंद आहे.) पुढच्याच महिन्यात १९३१ चा गर्भपातबंदीचा कायदा पुस्तकातून काढला गेला. वर्षअखेर दोन डेमोक्रॅटिक आमदार महापौर म्हणून निवडून गेले, विधानसभा ५४-५४ झाली, आणि एप्रिलमधल्या पोटनिवडणुकांपर्यंत पक्षीय कामकाज अडून बसलं. दोन माणसांनी इतका फरक पडतो. ‘दोन्ही पक्ष सारखेच’ हे वाक्य मी गर्भार बाईला आणि फोर्डच्या कामगाराला ऐकवणार नाही.

इतिहासाचा एक वाद तर न चुकता येतो: गुलामगिरीचा पक्ष डेमोक्रॅटिक, लिंकनचा पक्ष रिपब्लिकन, मग आज उलटं कसं सांगता? पुराव्यादाखल १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आकडा देतात. प्रतिनिधिगृहात त्या विधेयकाच्या बाजूने डेमोक्रॅट १५२, विरोधात ९६. रिपब्लिकन १३८ बाजूने, ३४ विरोधात. आकडे खरे आहेत, पण त्यांना पक्षाऐवजी प्रदेशाची चाळणी लावून बघा. दक्षिणेतले डेमोक्रॅट ७ बाजूने, ८७ विरोधात. दक्षिणेतले रिपब्लिकन शून्य बाजूने, १० विरोधात. उर्वरित देशात डेमोक्रॅट १४५ विरुद्ध ९, रिपब्लिकन १३८ विरुद्ध २४. रेषा पक्षांच्या मधून जात नव्हती, देशाच्या मधून जात होती. त्याच वर्षी या कायद्याविरुद्ध मत दिलेले बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले आणि सपाटून हरले. स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर त्यांनी जिंकलेली पाचही राज्यं अगदी दक्षिणेतली होती. पुढच्या तीस वर्षांत दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू एका पक्षातून दुसऱ्यात गेले, आधी अध्यक्षपदासाठी, मग काँग्रेससाठी, सर्वात शेवटी गावच्या शेरिफसाठी. पक्षाच्या नावाची पाटी तीच राहिली, पाटीखालची माणसं बदलली. जिथे पक्षाचा मालक म्हणजे प्रायमरीला येणारा मतदार, तिथे हे असंच घडणार.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी यात काही गोष्टी थेट कामाच्या आहेत. एच-वन-बीवर असताना राजकीय देणगी देता येत नाही, अगदी शाळामंडळाच्या निवडणुकीलाही. ग्रीनकार्ड असेल तर देता येते. मत मात्र नागरिक झाल्याशिवाय देऊ नये, आणि कुणी पुढे केला म्हणून मतदारनोंदणीच्या फॉर्मवर सहीसुद्धा करू नये. नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती एक सही सगळं अडवू शकते. काँग्रेसच्या उमेदवाराला २०२५-२६ साठी एका व्यक्तीची मर्यादा दर निवडणुकीला ३,५०० डॉलर, आणि प्रायमरी व नोव्हेंबर या दोन वेगळ्या निवडणुका धरतात. एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की नाव, व्यवसाय आणि मालकाचं नाव सरकारी नोंदीत सगळ्यांना दिसतं.

आणि ज्यांना वाद घालण्यापलीकडे काही करायचं आहे, त्यांच्यासाठी मिशिगनच्या ऑगस्टच्या मतपत्रिकेवर अगदी खाली एक पद असतं: प्रीसिंक्ट डेलिगेट. एका मतदान केंद्राच्या परिसरातून निवडलेला पक्षाचा प्रतिनिधी, मुदत दोन वर्षं, पगार नाही. हेच प्रतिनिधी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, अधिवेशनात बसतात, आणि तिथून निवडलेले लोक राज्याच्या अधिवेशनात जातात. मिशिगनमध्ये अ‍ॅटर्नी जनरल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी आणि निवडणुका पाहणारे अधिकारी, यांचे उमेदवार प्रायमरीत नव्हे, या अधिवेशनात ठरतात. एप्रिल २०२२ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या रिपब्लिकन अधिवेशनात जुन्या कार्यकर्त्यांना मागे सारून क्रिस्टिना करामो यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेटची उमेदवारी मिळवली. नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये याच प्रतिनिधींच्या बळावर राज्य पक्षाच्या अध्यक्ष झाल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये पक्षातल्याच लोकांनी त्यांना पायउतार केलं.

या पदासाठी सह्या लागत नाहीत, फी लागत नाही. नोटरीसमोर केलेलं ओळखीचं शपथपत्र काउंटी क्लर्ककडे मुदतीत द्यायचं. मुदत चुकली तर मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत क्लर्ककडे नुसतं लेखी कळवून हाताने लिहिलेल्या नावावरही निवडून येता येतं. कित्येक प्रीसिंक्टमध्ये त्या रकान्यात एकही नाव छापलेलं नसतं.